वाटेत काय दिसलं?

*"ताई, मी ३६ वर्षांची आहे. कामावर जायला दीड तास, परत यायला दीड तास. आधी बस, मग ट्रेन, मग दहा मिनिटं पायी. आठ वर्षं हेच चाललंय. मध्यंतरी हिशोब केला. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर ७५० तास होतात, म्हणजे दिवसरात्र मिळून ३१ दिवस. वर्षातला अख्खा एक महिना मी वाटेत असते. तो वाया जाऊ नये म्हणून सगळं करून पाहिलं. कानात व्याख्यानं लावली, तीही दीडपट वेगाने. एका परक्या भाषेचा कोर्स घेतला. ऑफिसचे मेल वाटेतच उरकायला लागले. ध्यानाचं ॲपसुद्धा झालं. गेल्या महिन्यात एकदा फोनची बॅटरी संपली आणि पुढचा पाऊण तास काय करायचं हे न सुचून मला चक्क रडू आलं. त्याच संध्याकाळी माझ्या पाच वर्षांच्या मुलीने विचारलं, 'आई, आज वाटेत काय दिसलं?' मला एकही गोष्ट सांगता आली नाही. ताई, हा प्रवास सुटणार नाही. पण त्यात थोडा आनंद कसा शोधू? आणि मला अहो-जाहो नका करू, प्लीज."*
*— रोजची प्रवासी*

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बॅटरीचा प्रसंग वाचून तुझी काळजी वाटली. लेकीचा प्रश्न वाचला तेव्हा मात्र हायसं वाटलं, कारण अर्धं उत्तर तिनेच देऊन ठेवलंय. 'आज वाटेत काय केलंस?' असं तिने विचारलं नाही. काय दिसलं, ते विचारलं.

आठ वर्षं तू त्या तीन तासांत काही ना काही करतेच आहेस. व्याख्यानं, भाषा, मेल, ध्यान. यातल्या कशालाच मी नावं ठेवणार नाही. पण ऑफिसात काम, घरी काम आणि दोन्हींच्या मधे जी मोकळी पट्टी होती तीही तू कामाला जुंपलीस. ध्यानसुद्धा तू 'झालं' म्हणून लिहिलंयस, भांडी झाली म्हणतात तसं. तुझ्या पत्रातला मला सर्वांत जास्त खटकलेला शब्द 'वाया' हा आहे. तो बाजूला ठेवलास तरच मी पुढे लिहिते आहे त्यातलं काही तुझ्या हाती लागेल.

आनंदाकडे वळण्याआधी एक गोष्ट. हा प्रवास आवडत नाही म्हणून स्वतःला दोष देत असशील तर ते आधी थांबव. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला आणि प्रत्येक वेळी मनाला कसं वाटत होतं ते लिहून घेतलं. स्वयंपाक, घरकाम, मुलांचं करणं, नोकरी, सगळं त्यात होतं. सर्वांत तळाला आलं ते सकाळचं कामावर जाणं. पुढे २००८ साली ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवरून आणखी एक गोष्ट दाखवली. लांबचा प्रवास माणूस कशाच्या तरी बदल्यात पत्करतो, चांगल्या पगाराच्या किंवा चांगल्या घराच्या. मग हिशोब बरोबरीत सुटायला हवा. तो सुटत नाही. लांबून येणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाली. आणि इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं होतं की माणूस, कुठलाही असो, दिवसाला सरासरी तासभर प्रवासाला देतो. तुझे तीन तास आहेत.

म्हणून स्पष्ट सांगते. मी जे आनंद सुचवणार आहे त्यांनी तीन तासांचे दोन होणार नाहीत. आठवड्यातून एक दिवस घरून काम किंवा येण्याची वेळ तासभर पुढेमागे, यातलं काही अजून मागितलं नसशील तर माग. तोंडी नको, लेखी माग. आणि कारण नसताना रडू येणं वारंवार व्हायला लागलं, झोप उडाली, तर डॉक्टरांना भेट. खिडकीतला चंद्र हे त्यावरचं औषध नाही.

आता आनंदाकडे. पण आनंदाला उभं राहायला जागा लागते, म्हणून सुरुवात घड्याळापासून.

माणूस बहुतेक गोष्टींना सरावतो. पगारवाढ चार महिन्यांत अंगवळणी पडते, नवं घर वर्षात जुनं होतं. प्रवासाला मात्र आपण सरावत नाही, कारण तो रोज वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. एक दिवस बस चुकते, एक दिवस ट्रेन मधेच थांबते, एक दिवस पाय ठेवायला जागा नसते. त्रास अंतराचा कमी आणि 'आज पोचेन ना?' या धाकधुकीचा जास्त असतो. मी स्वतः २२ वर्षं अपडाऊन केलं. पहिली सहा वर्षं मी रोज धावत थांब्यावर जायची. त्या सहा वर्षांतला घर ते थांबा हा रस्ता मला आठवत नाही. आठवते ती फक्त निघून चाललेल्या बसची मागची बाजू, तिचे दिवे, तिच्यावरचा नंबर. मग कधीतरी कंटाळून मी दहा मिनिटं आधी निघायला लागले. बाकी काहीच बदललं नाही. तीच बस, तीच गर्दी. पण थांब्यावर मला दहा मिनिटं उभं राहायला मिळायला लागली आणि पाहायचं असतं हे मी तिथे शिकले.

थांब्याशी एक मोठं झाड होतं. सकाळच्या उन्हात त्याच्या सावलीत कवडसे पडायचे. वर्षानुवर्षं त्यांच्यावरून चालत गेले असेन. एक दिवस उगाच खाली बघत उभी होते आणि जाणवलं की पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या आहेत, कुठे तिकोनी, कुठे चिरीएवढ्या, पण खाली पडलेले कवडसे सगळे गोल. ऊन तिरपं असल्यामुळे थोडे लांबट, अंड्यासारखे, पण कोपरा एकालाही नाही. असं का, ते नंतर वाचलं. फट बारीक असेल आणि जमीन तिच्यापासून बरीच खाली असेल, तर जमिनीवर फटीचा आकार उमटतच नाही. उमटतं ते सूर्याचं चित्र. खाली पसरलेला प्रत्येक कवडसा हा एकेक सूर्य असतो. खंडग्रास ग्रहण लागलं की हेच सगळे कवडसे एकदम कोरीसारखे होतात, शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर तळहात पुढे केला आणि एक कवडसा हातावर घेतला. वारा आला की तो थरथरायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि मग त्यांनीही हात पुढे केला. आम्ही बोललो नाही. बस आली.

हे तुला इतकं सविस्तर सांगतेय कारण तुझी मुख्य तक्रार 'रोज तेच' ही आहे. तोच रस्ता, तीच वेळ, तीच खिडकी. आणि मला मनापासून वाटतं की तुझ्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. नव्या जागी गेलं की सगळंच नवं असतं, त्यामुळे बदललं काय ते कळत नाही. बदल दिसायला काहीतरी स्थिर लागतं. आकाशाचा अभ्यास करणारी माणसं रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी उभी राहून नोंदी करतात. तुला ती शिस्त आयती मिळालीय.

सूर्याचंच घे. पत्रात लिहिलं नाहीस, पण तू पहाटे निघत असणार. तुझ्या वाटेवरची एखादी पाण्याची टाकी किंवा उंच इमारत धरून ठेव. सूर्य तिच्या कुठल्या बाजूने उगवतो ते एका सोमवारी पाहा. पुढच्या सोमवारी त्याच ठिकाणाहून पुन्हा पाहा. दिवस आणि रात्र सारखी असण्याच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आठवड्याभरात तो क्षितिजावर इतका सरकतो की त्या अंतरात पाच-सहा सूर्यबिंबं शेजारी शेजारी मावतील. पुढे पुढे त्याची चाल मंदावते. जूनच्या आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तर काही दिवस तो एकाच जागी अडकून बसल्यासारखा वाटतो आणि मग उलटा फिरतो. हे आपण शाळेत पाठ केलं होतं. पण 'आज टाकीच्या उजवीकडे गेला' हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर जो आनंद होतो तो पाठांतरात नव्हता. बिंब वर येऊन तळपायला लागलं की मात्र त्याच्याकडे थेट बघू नकोस, टाकीवरचं ऊन पाहा.

चंद्र याहून दिलदार आहे. त्याला आपण संध्याकाळचा समजतो, पण सकाळी कामावर जाणाऱ्यांना तो महिन्यातले बरेच दिवस भेटतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पश्चिमेला टेकलेला असतो. तिथून रोज त्याच वेळी पाहिलंस तर दर दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा वर सरकलेला आणि थोडा झिजलेला दिसेल. हात लांब करून मूठ धरलीस तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. चंद्र रोज एक मूठ आणि वर थोडा सरकतो. आठवड्याने अर्धा होऊन उंच चढलेला असतो. मग बारीक होत होत उगवतीकडे, सूर्याच्या दिशेने जातो आणि अमावास्येच्या सुमारास नाहीसा होतो. एक महिना याच्याकडे लक्ष ठेव, मग बघ, कॅलेंडर न उघडता तिथी सांगायला लागशील. आणि तो तुझ्या ट्रेनबरोबर धावतो, ते मुलीला नक्की सांग. रुळांलगतचे खांब सटासट मागे जातात, लांबची झाडं सावकाश जातात, डोंगर जेमतेम हलतो आणि चंद्र तर जागचा ढळतच नाही, म्हणून तो सोबत येतोय असं वाटतं. तो जवळजवळ ३,८४,००० किलोमीटर लांब आहे. आपण गाडीने कितीही कापलं तरी त्याच्या हिशोबी आपण हललेलोच नसतो.

पावसाळ्यात खिडकी बंद आणि आभाळही बंद, तेव्हा काय, असं म्हणशील. तेव्हा पाऊसच पाहा. गाडी थांबलेली असताना सरी सरळ पडतात आणि सुटली की तिरप्या होतात, आपल्याच दिशेने येताहेत असं वाटतं. मध्यम आकाराचे थेंब ताशी साधारण २३ किलोमीटर वेगाने खाली येतात, टपोरे ३० च्या आसपास. म्हणजे वारा नसताना सरी बरोब्बर अर्ध्या काटकोनात तिरप्या दिसल्या तर गाडीचा वेग थेंबांच्या वेगाइतका झाला. १७२८ साली जेम्स ब्रॅडली या खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या प्रकाशात असाच तिरपेपणा असल्याचं मांडलं. तो अगदी नखभर, पण त्यातून पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरते आहे याचा पुरावा हाती आला. सरींऐवजी प्रकाश आणि गाडीऐवजी पृथ्वी, एवढाच फरक. खिडकीशी बसून तू पाहतेस ते आणि त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं ते एकच आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझा थांबा येऊनही क्षणभर उठले नव्हते.

खिडकी मिळाली नाही तर? बहुतेक वेळा मिळत नाहीच, मला ठाऊक आहे. दांडीला धरून, चार माणसांच्या मधे, समोर फक्त कुणाची तरी पाठ. अशा वेळी माणसं असतात.

माझ्या बसमध्ये एक गृहस्थ होते. नाव शेवटपर्यंत कळलं नाही. ते उभ्याने, एका हाताने दांडी धरून पूर्ण वर्तमानपत्र वाचायचे आणि त्यांचं कोपर कधी कुणाला लागायचं नाही. कितीतरी दिवस मी त्यांची हातोटी न्याहाळत होते. पेपर ते आधी उभा दुमडायचे, पानाच्या मधोमध, म्हणजे दोन-चार स्तंभांची लांब पट्टी व्हायची. मग ती पट्टी आडवी अर्धी करायचे. वाचून झालं की फक्त मनगट फिरवून खालचा अर्धा वर. मग अंगठ्याने कड उचलून पट्टीची पाठ पुढे. पान उलटायची वेळ आली की थांबा येईपर्यंत वाट पाहायचे, कारण तेव्हा चार माणसं उतरतात आणि हात फैलावता येतो. महिनाभराने मीही तशी घडी घालायला शिकले. माझी पहिली घडी त्यांनी पाहिली आणि मान किंचित हलवली, जमलं म्हणून. पुढे एकदा बस तासभर अडकली तेव्हा त्यांनी शब्दकोड्याचं अर्धं पान फाडून मला दिलं आणि आम्ही ते मिळून सोडवलं. त्यांच्याशी माझं बोलणं झालं ते तेवढंच. ते निवृत्त झाले असावेत, एका महिन्यानंतर दिसेनासे झाले. मला त्यांची आठवण अजून येते.

अशा माणसांना मानसशास्त्रात नाव आहे. स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९७२ साली त्यांना 'ओळखीचे अनोळखी' म्हटलं. स्टेशनवर उभ्या असलेल्या प्रवाशांचे फोटो काढून त्यांच्या विद्यार्थ्यांनी नंतर तेच फोटो तिथल्याच प्रवाशांना दाखवले, तेव्हा कळलं की बहुतेकांना असे काही चेहरे रोजचे ठाऊक असतात, ज्यांच्याशी ते एक शब्दही बोललेले नसतात. तुझ्याही ट्रेनमध्ये असतील. कोण कुठल्या दाराशी उभं राहतं, कोण बसल्या बसल्या झोपतं, कुणाच्या पिशवीला नवा बंद लागलाय. पाळत ठेवायची नाही, टक लावायची नाही. 'आल्या आज' एवढं मनात म्हणायचं.

आणि कधी वाटलं तर बोलायचं. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोतल्या ट्रेन आणि बसच्या प्रवाशांवर प्रयोग केले. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. लोकांचा अंदाज होता की बोलावं लागलं तर प्रवास नकोसा होईल. झालं उलटं, बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान गेला. तरी बाईने अनोळखी माणसाशी बोलणं ही दरवेळी साधी गोष्ट नसते, हे मी विसरलेले नाही. मन नको म्हणालं तर नको, त्याचं कारणही द्यायचं नाही. उतरताना ड्रायव्हरकडे बघून हसणं, रोज शेजारी येणाऱ्या एखाद्या बाईंना 'आज उशीर झाला का?' विचारणं, इथून सुरुवात होते आणि इथेच थांबलं तरी चालतं.

झोपेबद्दल कुणी काही म्हणालं तर ऐकू नकोस. ट्रेनमध्ये डोळा लागणं हा पहिल्या प्रतीचा आनंद आहे आणि त्याला शरीराचंच कारण आहे. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की संथ झुलणाऱ्या पलंगावर माणसं स्थिर पलंगापेक्षा लवकर झोपी जातात. पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळायचा, थांब्याच्या पाच मिनिटं आधीचा गजर लावायचा आणि झोपायचं. वाचताना मळमळत असेल तर तेही तुझं चुकत नाही. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'आपण हलतोय' आणि पानावरचे डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत', या भांडणात पोट ढवळतं. पुस्तक मिट आणि लांबवर बघ.

फोन फेकून दे असं मी सांगणार नाही. गाणी ऐक, पण आवडतात म्हणून ऐक. आणि कृपा करून एकपट वेगाने. दीडपट वेगाने ऐकलेलं बोलणं म्हणजे घाईघाईत जेवल्यासारखं आहे. मेल मात्र बंद. निदान परतीच्या वाटेवर तरी पूर्ण बंद.

राहिली तुझी पायी दहा मिनिटं. ती तुझ्या प्रवासातली सर्वांत श्रीमंत दहा मिनिटं आहेत आणि तू त्यांचा पत्रात अर्ध्या ओळीत उल्लेख केलायस. अमेरिकेत काही वयस्कर माणसांना आठवड्यातून एकदा १५ मिनिटं चालायला पाठवलं, आठ आठवडे. त्यांतल्या निम्म्यांना फक्त एक सूचना जास्त होती. नव्या नजरेने चाला, थक्क करेल असं काही दिसतंय का ते पाहा. चालताना सगळ्यांनी स्वतःचे फोटो काढायचे होते. २०२० साली हा अभ्यास छापून आला. जसजसे आठवडे गेले तसतसं या दुसऱ्या गटातल्या माणसांच्या फोटोंत त्यांचं स्वतःचं चित्र लहान होत गेलं, मागचं झाड, आकाश, रस्ता मोठा होत गेला, आणि चेहऱ्यावरचं हसू वाढत गेलं. मला हा तपशील फार आवडतो. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की स्वतःला छोटं काढा.

तेव्हा त्या दहा मिनिटांत कानात काही नको. संध्याकाळी वाटलं तर एक गल्ली बदलून जा, दोन मिनिटं जास्त लागली तरी हरकत नाही. आणि घराच्या दाराशी बेल वाजवायच्या आधी क्षणभर थांब. (हे वाचणाऱ्यांत स्वतः गाडी चालवत जाणारे कुणी असतील तर चंद्र, कवडसे, शेजारी यातलं काहीही तुमच्यासाठी नाही, नजर रस्त्यावरच हवी. पण पोचल्यावर गाडी बंद करून, दार न उघडता दोन मिनिटं शांत बसणं तुम्हालाही जमेल.)

सुरुवात कशी करायची, तर उद्या फक्त पंधरा मिनिटं. तीन तास बघत बसायचं ठरवलंस तर बघणंही काम होऊन बसेल, तुझा स्वभाव आता मला थोडा कळलाय. फोन पिशवीत, पिशवीची चेन बंद, आणि पंधरा मिनिटं काहीच नाही. पहिले दोन-तीन दिवस अस्वस्थ वाटेल, हात आपोआप पिशवीकडे जाईल. जाऊ दे. परत आण.

आणि संध्याकाळी मुलीला एक गोष्ट सांग. एकच. सुंदर असली पाहिजे असं नाही, त्यातून बोध निघाला पाहिजे असंही नाही, फक्त तू स्वतः पाहिलेली हवी. कवडसा सांगशील त्या दिवशी सुट्टी बघून तिला एखाद्या झाडाखाली घेऊन जा आणि तिच्या हातावर सूर्य ठेव. काही दिवस असेही येतील की इतकी गर्दी असेल, इतकी दमलेली असशील, की काहीच दिसलं नसेल. तेव्हा तसंच सांग. 'आज फार गर्दी होती गं, समोरच्या आजींच्या पर्सचं बक्कल तेवढं दिसलं.'

बक्कल कसं होतं, हे ती विचारणारच. तेव्हा ते नीट बघून ठेव.

तुझी,
ताई